साक्षीदार खालच्या मजल्यावर राहतो

न्यायाधीशांनी निर्णय इतक्या हळू आवाजात वाचला की थोरलीला तो धड कळलाच नाही. मागच्या बाकावर बसून ती कान देऊन ऐकत होती, तरी पंख्याच्या घरघरीत अर्धे शब्द गेले. उरलेल्यांत ‘गुन्ह्याचं गंभीर स्वरूप’, ‘तपास अपूर्ण’ आणि ‘साक्षीदार एकाच इमारतीत’ एवढं तिच्या पदरात पडलं. मग पोलिसानं तिच्या भावाच्या दंडाला धरलं आणि बाजूच्या दारानं त्याला नेलं. जाताना धाकट्यानं वळून हात हलवला, जसा रोज सकाळी कामावर निघताना हलवायचा.

“झालं?” आईनं विचारलं.

“झालं.”

“मग तो तिकडून कुठं गेला? घरी आपल्याबरोबर येणार ना?”

थोरलीनं आईचा हात धरला आणि वकीलबाईंच्या मागोमाग बाहेर आली.

वकीलबाईंचा आवाज कायमचा बसलेला होता. जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांनी पर्समधून घशाची गोळी काढली, तोंडात टाकली, आणि म्हणाल्या, “जामीन नाकारला. आत्तापुरता.”

“ते कळलं. का नाकारला ते सोप्या शब्दांत सांगा.”

“हे बघा, त्यानं आग लावली की नाही हे कोर्ट आत्ता ठरवत नाही. ते खटल्यात. आत्ता एवढंच बघायचं असतं, की याला बाहेर सोडला तर काय होईल. पळून जाईल का, पुराव्याला हात लावील का, साक्षीदारांवर दबाव आणील का, पुन्हा तसलंच काही करील का. आणि आरोप जितका मोठा, तितकं हे जास्त डोळ्यांत तेल घालून बघतात. इथं एक म्हातारा माणूस भाजलाय.”

“पळून जाईल? तो? त्याला सिनेमाला न्यायचं तर ढकलत न्यावं लागतं.”

“हे मी कोर्टात सांगितलं असतं तर बरं दिसलं नसतं.”

“आणि दबाव म्हणे. खालच्या काकांवर आम्ही कसला दबाव आणणार? काकांनी त्याला सायकल शिकवली.”

“काका मुख्य साक्षीदार आहेत. आणि तुमच्या बरोब्बर खाली राहतात. मी न्यायाधीश असते तर मलाही प्रश्न पडला असता.”

“तुम्ही आमच्या बाजूनं आहात ना?”

“म्हणून तर सांगतेय.”

थोरलीनं कपाळ चोळलं. “म्हणजे गुन्हा केलाय हे ठरलेलं नाही, तरी शिक्षा सुरू.”

“शिक्षा नाही. कोठडी.”

“फरक काय?”

“कायद्यात आहे,” वकीलबाई गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत म्हणाल्या. “आत बसलेल्याला विचारलंत तर फारसा नाही.”

इतका वेळ गप्प असलेल्या आईनं तेवढ्यात सुस्कारा सोडला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “आग लागो या कोर्टाला.”

शेजारी उभ्या असलेल्या पोलिसानं मान वळवून बघितलं. थोरलीनं आईच्या तोंडावर हात ठेवला. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

खरं तर सगळं प्रकरण या दोन शब्दांवरूनच पेटलं होतं. थोरलीच्या घरात ‘आग लागो’ हे दिवसातून दहा वेळा म्हटलं जायचं. नळाला पाणी आलं नाही की आग लागो त्या नळाला, कुकरची शिट्टी झाली नाही की आग लागो त्या कुकरला. आईला ते तिच्या आईकडून आलं होतं आणि आईकडून दोन्ही पोरांना. त्यात रागही फारसा नसायचा, नुसता वैताग.

धाकटा लाकडाला पॉलिश करायचा. फर्निचरच्या कारखान्यात होता. हातानं, कापसाच्या बोळ्यानं, थरावर थर चढवत पॉलिश करणारा तो तिथला शेवटचा माणूस. मालकाला घाई असायची, त्याला फवाऱ्यानं उडवलेलं चकचकीत काम हवं असायचं. एका कपाटाचा रंग उडाला, गिऱ्हाईक तणतणत आलं, आणि मालकानं सगळ्यांसमोर धाकट्याकडं बोट दाखवलं, हे या माणसाचं काम. ते काम फवाऱ्याचं होतं. धाकट्यानं हातातला बोळा खाली टाकला, “आग लागो तुझ्या कारखान्याला,” म्हणाला आणि निघून आला. पंधरा-वीस माणसांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपले रंधे आणि पटाशा आणायला मागच्या दाराशी गेला. त्या रात्री कारखाना पेटला. वरच्या मजल्यावर मालकाचे वडील झोपलेले होते. त्यांना खाली आणलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

आणि खालच्या मजल्यावरचे काका त्या कारखान्याचे पहारेकरी. धाकट्याला तिथं चिकटवलंही त्यांनीच. त्यांनी पोलिसांना सांगितलं, की संध्याकाळी मागच्या दाराशी मी त्याला पाहिलं, हातात डबा होता.

तुरुंगातली भेट काचेपलीकडून व्हायची. फोन उचलून बोलायचं आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी आपलं सगळं ऐकायचं. धाकटा समोर बसला होता. दाढी वाढलेली, पण तब्येत ठीक होती.

“ताई, इथल्या जेवणाच्या टेबलाला कोणीतरी ऑइलपेंट मारलाय,” तो म्हणाला. “चांगलं सागवान आहे खाली. बघवत नाही.”

“ते जाऊ दे. मला एक सांग. काका म्हणतात ते खरं की खोटं?”

“खरं.”

थोरलीनं फोन कानापासून दूर धरून बघितला आणि परत कानाला लावला.

“मी होतोच तिथं. डबाही होता हातात. माझा पॉलिशच्या स्पिरिटचा डबा, मागच्या ओट्यावर ठेवलेला. दार उघडेना, कुलूप बदललेलं. रंधे मिळाले नाहीत, म्हटलं निदान डबा तरी घेऊन जाऊ. कशाला सोडायचा त्यांच्यासाठी?”

“डबा आणलास ना बाहेर? मग कुठं आहे तो?”

“बसमध्ये राहिला.”

“बसमध्ये.”

“राहिला, ताई. डोकं ठिकाणावर नव्हतं.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणापासून याच्या छत्र्या, डबे, मफलर बसमध्येच राहिलेले तिला माहीत होते. पण हे न्यायाधीशांना कसं पटवणार? बसमध्ये छत्री विसरणारा माणूस म्हणून ओळखपत्र थोडंच मिळतं कुणाला.

“तू पोलिसांना हे सगळं सांगितलंस?”

“विचारलं म्हणून सांगितलं.”

“वकीलबाई येईपर्यंत थांबता आलं नाही?”

“त्यात थांबायचं काय? खरं तेच सांगितलं की.”

थोरलीला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. इतका सरळ माणूस आपल्या पदरात का टाकला देवानं, असा विचार करत ती बसस्टॉपवर आली, आणि तिची बसही चुकली.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यात मेण ओतायचं, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचं. कामात तिचा हात नेमका होता. एक दात केसाएवढा वर राहिला तर माणसाला घास चावता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं वकीलबाईंनी जेव्हा सांगितलं, की पुढचा अर्ज घालायचा तर कोर्टाची एकेक भीती एकेक करून काढून टाकायची, तेव्हा तिला ते कळलं. हे तिच्या कामासारखंच होतं. टोचतंय कुठं ते बघायचं आणि घासायचं.

पासपोर्ट पोलिसांकडं जमा केला. तपास संपून आरोपपत्र दाखल झालं, त्यामुळं ‘तपास अपूर्ण’ हे कारण आपोआप गेलं. राहिला साक्षीदार. धाकट्याला राहायला दुसरी जागा हवी होती, शक्यतो दुसऱ्या गावात.

तिनं नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. मावशीच्या घरी रंगकाम निघालं होतं. मामेभावाच्या बायकोची तब्येत बरी नव्हती. आत्यानं फोन उचलला, आवाज ओळखला आणि “ऐकू येत नाहीये गं” म्हणून ठेवून दिला, परत लावला तेव्हाही ऐकू आलं नाही. धाकट्याचा एक जुना मित्र होता, जो त्याच्या गळ्यात गळा घालून फिरायचा. त्यानं सांगितलं, “मला काही नाही, पण घरमालक विचारेल.” घरमालक त्याचे वडीलच होते.

शेवटी थोरलीनं जिवावर उदार होऊन सासूबाईंना फोन केला. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात, म्हणून ती आईकडंच राहायची. सासूबाई दोन तासांच्या अंतरावरच्या गावात एकट्या राहायच्या. थोरलीच्या लग्नात फोटोच्या वेळी मध्ये कोणी उभं राहायचं यावरून त्यांचं आणि आईचं जे वाजलं, ते आजतागायत मिटलं नव्हतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्याला माझ्याकडं ठेवायचा.”

“हो. तुम्हाला जमत असेल तर.”

“आणि कोर्टाला काय भीती आहे? पळून जाईल?”

“तीही आहे.”

“त्यांना सांग, माझ्या घरातून माणूस पळून जात नाही. तुझे सासरे जन्मभर प्रयत्न करत होते, जमलं नाही त्यांना.”

दुसऱ्या सुनावणीला थोरली आईला मुद्दाम घरी ठेवून आली. सासूबाई मात्र आल्या, इस्त्रीचे कपडे घालून, पहिल्या बाकावर ताठ बसल्या. वकीलबाईंनी बसक्या आवाजात एकेक मुद्दा मांडला. पासपोर्ट जमा आहे. पूर्वी कधी गुन्हा नाही. राहायला दुसऱ्या गावी जबाबदार घर आहे. ‘आग लागो’ हा बोलण्यातला वाक्प्रचार आहे, बेत नव्हे. न्यायाधीश लिहून घेत होते. एकदा तर त्यांनी मानही हलवली. थोरलीला वाटलं, आज होतंय.

मग सरकारी वकील उठले. शांत, सौम्य माणूस. त्यांनी सांगितलं, की मुख्य साक्षीदारानं गेल्या आठवड्यात पोलिसांकडं तक्रार दिली आहे. आरोपीच्या आई त्याच्या दारात तीनदा आल्या. तिसऱ्या वेळी जाताना म्हणाल्या, “तुझ्याही घरात मुलं आहेत, लक्षात ठेव.”

वकीलबाईंनी मागं वळून थोरलीकडं बघितलं. थोरलीला काही माहीत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत असावं, कारण वकीलबाई काही न विचारता पुढं वळल्या.

न्यायाधीश या वेळी मोठ्यानं बोलले, म्हणून सगळं ऐकू आलं. “आरोपी दुसऱ्या गावी राहील, हे खरं. पण घरचे तिथंच राहतील, आणि आरोपी आत असताना ते साक्षीदाराच्या दारात जात असतील, तर तो बाहेर आल्यावर काय होईल, याची काळजी कोर्टाला करावी लागते. अर्ज फेटाळला.”

सासूबाई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, “मी त्या बाईला लग्नातच ओळखलं होतं.”

घरी आई वाटच बघत होती. थोरलीनं चपलाही काढल्या नाहीत.

“तू काकांकडं गेली होतीस?”

“गेले होते. मग? शेजारी आहेत.”

“काय बोललीस?”

“काय बोलणार? म्हटलं, माझा मुलगा आत आहे. तू त्याला लहानाचं मोठं होताना पाहिलंस. नीट आठवून बघ.”

“आणि मुलांचं काय म्हणालीस?”

आईच्या लक्षात यायला वेळ लागला. “ते होय. म्हटलं, तुझ्याही घरात मुलं आहेत, लक्षात ठेव. म्हणजे बापाच्या मनानं विचार कर. वाईट काय बोलले मी? अगदी काकुळतीला येऊन बोलले.”

“आई, त्यांनी ते धमकी म्हणून पोलिसांत दिलंय.”

“धमकी?” आई खुर्चीवर बसली. “मी? माझ्याच्यानं झुरळ मरत नाही.”

“कोर्टाला तुझं झुरळ माहीत नाही. कोर्टानं वाक्य वाचलं. तूच वाचून बघ ते, तुझा आवाज काढून टाकून. आगीतल्या आरोपीची आई साक्षीदाराला म्हणते, तुझ्या घरात मुलं आहेत लक्षात ठेव.”

आई पुटपुटत ते वाक्य स्वतःशी म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली. तिचा चेहरा उतरत गेला.

पण थोरलीला थांबता येईना. “आणि कशासाठी गेलीस तेही सांग. काका खोटं बोलतच नाहीयेत. धाकटा स्वतः म्हणतो मी तिथं होतो, डबा होता. काकांनी बदलायचं काय? तू त्यांना खोटं बोलायला सांगत होतीस.”

“मला कुठं माहीत होतं तो तिथं होता ते? मला कोणी काही सांगता का तुम्ही? मला म्हणता तू गप्प बस, तू घरी बस. मी आई आहे त्याची. नुसती बसून काय करू?”

“बसायचंच होतं. तेवढंच काम होतं तुला. एका जागी बसायचं.”

आई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. थोरली चपला घालूनच सोफ्यावर बसून राहिली. पहिल्या वेळी कोर्ट म्हणालं होतं, साक्षीदारावर दबाव येईल, तेव्हा तिला ते किती हास्यास्पद वाटलं होतं. आता चीड यायची तर ती नेमकी कुणावर, हेच तिला ठरवता येईना. न्यायाधीश चुकले नव्हते. आईनं मुद्दाम काही केलं नव्हतं. काकांनी जे ऐकलं ते सांगितलं होतं. आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, तरी धाकटा आत सडत होता.

दोन-तीन दिवसांनी कामावर निघताना ती जिना उतरत होती, तर काका खालून वर येत होते. दोन्ही हातांत सामानाच्या जड पिशव्या, दर दोन पायऱ्यांना थांबत होते. त्यांना दम्याचा त्रास होता. एरवी तिनं धावत जाऊन पिशवी घेतली असती, आणि त्यांनी “राहू दे गं पोरी” म्हणत दिली असती.

तिला बघून काका भिंतीला चिकटून उभे राहिले. त्यांनी पिशव्या पायाशी ओढून घेतल्या. त्यांची नजर तिच्या हातांवर होती. थोरलीला आधी कळेना, हे हात का बघतायत. मग कळलं. काका भ्यायले होते. तिला. तिच्या मागं, नुकत्याच ओलांडलेल्या त्यांच्या दारावर नवी कडी बसवलेली होती, भोवतीचा भुसा अजून उंबऱ्यात पडलेला.

तिला म्हणायचं होतं, काका, आईच्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता. तिला म्हणायचं होतं, चुकलं आमचं. पण वकीलबाईंनी बजावलं होतं, यापुढं त्या माणसाशी हवापाण्याचंही बोलायचं नाही, माफीसुद्धा मागायची नाही, ती माफीही उद्या कोर्टात वेगळ्याच आवाजात वाचली जाईल. म्हणून ती मान खाली घालून त्यांच्या शेजारून उतरली. मागं पिशव्या उचलल्याचा आणि काकांच्या धापा टाकण्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी कामावर तिनं एक अख्खी कवळी उलटी बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून केली.

वकीलबाईंकडं गेल्यावर तिनं सरळ विचारलं, “आता टोचतंय काय, तेवढं सांगा.”

“तुमच्या आई,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग तिलाही हलवते.”

“कुठं?”

“सासूबाईंकडं.”

दोन्ही बाजूंना तयार करणं हे कोर्टापेक्षा अवघड गेलं. आई म्हणाली, त्या बाईच्या घरात राहण्यापेक्षा मी धाकट्याबरोबर आत जाऊन राहते. सासूबाई म्हणाल्या, आरोपी चालेल, आई नको. थोरली चार दिवस दोघींचे फोन फिरवत राहिली. शेवटी तिनं दोघींना एकाच वेळी फोनवर घेतलं आणि म्हणाली, “तुम्हा दोघींना एकमेकींशी बोलायची गरज नाही. कोर्टाची तशी अटच नाही. फक्त एका छपराखाली राहा. तो आत बसलाय, आणि तुम्ही फोटोत मध्ये कोण उभं राहायचं ते ठरवताय.”

सासूबाई म्हणाल्या, “मागची खोली रिकामी आहे. त्यांना म्हणावं, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत.”

तिसरा अर्ज वरच्या कोर्टात गेला. इथल्या न्यायाधीश बाई होत्या, वयस्कर, चष्मा नाकावर घसरलेला. सरकारी वकिलांनी भाजलेल्या म्हाताऱ्याच्या हातांची, नव्या कडीची आणि काकांच्या भीतीची गोष्ट सांगितली, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. थोरली ते ऐकत बसली. भावाला सोडवायला आलेली ती, पण तिलाही मनातून वाटलं, की काकांना रात्री झोप यायला हवी.

वकीलबाईंनी मांडलं, की आता आरोपीच्या कुटुंबातलं कोणीही साक्षीदाराशी बोलणार नाही, आईही ते गाव सोडून जात आहेत. खटला कधी सुरू होईल याची कोणी खात्री देऊ शकत नाही, आणि तोवर न ठरलेल्या गुन्ह्यासाठी माणसाला आत ठेवायचं, तर त्याशिवाय दुसरा काहीच मार्ग उरला नाही हे आधी दिसायला हवं. इथं दुसरा मार्ग आहे.

न्यायाधीश बाईंनी आईला पुढं बोलावलं.

“तुम्ही साक्षीदाराशी पुन्हा बोलणार नाही, हे लेखी दिलंय. तुम्हाला जमेल?”

वकीलबाईंनी आईकडून काय म्हणायचं ते घोकवून घेतलं होतं. ‘हो, जमेल.’ दोनच शब्द. आई कठड्याला धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “मला बोलायची फार सवय आहे, बाई.”

थोरलीनं डोळे मिटले.

“मी मनात आलं की बोलते,” आई पुढं म्हणाली. “त्यांना मी घाबरवलं असं लेकीनं सांगितलं, तेव्हा मला राग आला होता. मग मी तेच वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. मलाच भीती वाटली. माझ्या मनात तसं नव्हतं. पण ते त्यांना कुठून कळणार? मी त्या गावात राहिले तर परत जाईन त्यांच्याकडं, माफी मागायला तरी जाईनच. म्हणून मला तिथं राहायचंच नाही.”

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला आणि काही वेळ तिच्याकडं बघितलं. मग खाली बघून लिहायला लागल्या.

जामीन मिळाला. अटी बऱ्याच होत्या. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. कारखान्याच्या आणि जुन्या इमारतीच्या भागात पाऊल टाकायचं नाही. साक्षीदारांशी स्वतः बोलायचं नाही आणि नातेवाइकांमार्फतही नाही. एकही अट मोडली तर पुन्हा आत. धाकट्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, माझे रंधे कारखान्यातून कोणी आणून देऊ शकेल का. वकीलबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं.

रविवारी थोरली सासूबाईंच्या गावी गेली. दार आईनं उघडलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, “कोण आलंय ते कोणीतरी सांगेल का?” आई थोरलीला म्हणाली, “आत कोणाला तरी सांग, तू आलीस म्हणून.” दोघी एकाच टेबलावर भाजी निवडत बसल्या होत्या, एकीनं पालेभाजी घेतली होती, दुसरीनं शेंगा, आणि मधल्या ताटलीत दोघींचीही देठं पडत होती.

धाकटा मागच्या अंगणात एक जुनी खुर्ची घासत बसला होता. थोरलीच्या सासऱ्यांची. सहा थर ऑइलपेंट निघाला होता आणि खाली लाकूड दिसायला लागलं होतं. थोरली पायरीवर बसली. त्यानं तिला काकांची तब्येत विचारली.

“मला माहीत नाही. मी बोलत नाही त्यांच्याशी. खालून दाराचा आवाज आला की मी आत थांबते. मग उतरते.”

“दमा वाढतो त्यांचा या दिवसांत.”

“माहितेय.”

तो काही वेळ घासत राहिला. “ताई, तारीख कधीची आहे खटल्याची?”

“पुढं गेली. सरकारी वकील आजारी आहेत.”

“मग कधी संपायचं हे सगळं?”

“सुरूच झालेलं नाही अजून,” थोरली म्हणाली.

धाकट्यानं हातातला पॉलिश पेपर उलटा केला, त्याची झिजलेली कडा बघितली आणि नवा तुकडा फाडून घेतला. आतून दोन्ही बायका एकदमच ओरडल्या, जेवायला चला म्हणून, आणि मग दुसरी का ओरडली म्हणून दोघीही गप्प झाल्या.